तलाकाची तालीम

मुशीराला दोन महिने एकच वाक्य छळत होतं. नाटकातला नवरा बायकोला म्हणतो, "सनिया, तुला तलाक दिला." अलेक्झांड्रियातल्या निवृत्तांच्या क्लबात ती नाटक शिकवायची. नवऱ्याचं काम करणारे उस्ताद रिफअत आयुष्यभर बंदरात नोकरीला होते आणि बोट धक्क्याला लागल्याची वर्दी द्यावी, तसं हे वाक्य म्हणायचे. समोर बायको म्हणून त्यांची खरीच बायको, इन्शिराह उभी असायची.

"उस्ताद, जरा राग येऊ द्या," मुशीरा म्हणे.

"डॉक्टरने मनाई केलीय," रिफअत सांगत.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मात्र त्यांना राग आला. इन्शिराहने त्यांचं एक वाक्य परस्पर स्वतःच म्हणून टाकलं. रिफअत लालबुंद झाले, टेबलावर मूठ आपटून गरजले, "इन्शिराह, तुला तलाक दिला."

रिफअत वळून मुशीराला म्हणाले, "आता जमलं ना?"

कोपऱ्यात विणत बसलेल्या, हज करून आलेल्या हाज्जा तफीदाने सुया खाली ठेवल्या. "जमलं कसलं, लागला तलाक. थट्टेत बोललं तरी लागतो म्हणतात."

"हाज्जा, हे नाटक आहे हो," मुशीरा काकुळतीने म्हणाली.

"मग नाव नाटकातलं का नाही घेतलं?"

इन्शिराहने पर्स काखोटीला मारली आणि बहिणीचं घर गाठायला निघाली. "परपुरुषासोबत कशी राहू?" एवढंच दारात म्हणाली.

मुशीराने मशिदीतल्या शेखना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बोलताना मनात काय होतं, ते त्यांनाच सांगू दे."

रिफअत छाती फुगवून म्हणाले, "शेखसाहेब, अगदी मनापासून बोललो."

मुशीराने कपाळावर हात मारला. "अहो, अभिनय केला म्हणा."

"दोन महिने तूच सांगतेयस ना, मनापासून बोला म्हणून?"

शेखना पुन्हा पहिल्यापासून समजावता समजावता मुशीराचा घसा बसला. शेवटी ते म्हणाले, "दुसऱ्याचं वाक्य म्हणताना जीभ घसरली, सोडायचा इरादा नव्हता. तलाक लागला नाही. बायकोला घरी आणा."

रिफअत आणि मुशीरा बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिले. इन्शिराहने दार अर्धंच उघडलं.

"लागला नाही म्हणाले शेख," रिफअत म्हणाले.

"बरं झालं. पण मी तिथे गार पडले होते आणि तू हिला विचारत होतास, जमलं ना. माझ्याकडे एकदा वळून तरी बघितलंस?"

रिफअत चपलांकडे बघत राहिले.

"मदाम, उद्या प्रयोग आहे," मुशीरा बसक्या आवाजात म्हणाली. "तुमची नातवंडं कैरोहून यायचीत."

"नातवंडांसाठी येईन. घरी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. तो प्रसंग आला. इन्शिराह मान खाली घालून उभी राहिली. रिफअतनी मूठ उगारली, तिच्याकडे बघितलं आणि मूठ हळूच खाली घेतली. मुशीराने आडोशातून वाक्य पुटपुटलं. मग पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटलं.

"ऐकू येतंय मला," रिफअत तिच्यावर खेकसले. मग बायकोला म्हणाले, "मी नाही म्हणणार ते. काल घरात चहासुद्धा सापडला नाही मला. चुकलो. चल घरी."

"ओट्यावरच्या निळ्या डब्यात असतो," इन्शिराह म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी लग्नात काढतात तशा, जीभ हलवत आनंदाच्या आरोळ्या काढल्या. दोघं हातात हात घालून रंगमंचावरून उतरले ते थेट नातवंडांत जाऊन बसले. दुसरं काही करण्यासारखं नसल्याने मुशीराने पडदा पाडला.

मागे, दुसऱ्या अंकातली रिफअतची नवी नवरी पांढरा पायघोळ झगा घालून, गाल रंगवून दुपारपासून बसली होती. ती हाज्जा तफीदा.

"मध्यंतर झालं का गं?"

"नाटक संपलं, हाज्जा. त्यांनी तलाकच दिला नाही."

तफीदाने डोक्यावरचं फूल सारखं केलं. "नाटकातला तलाक कुठे खरा असतो?" ती म्हणाली. "तू पडदा उघड. मी लग्न उरकून घेते."