अंधारखोलीतला घट

"बिराप्पाऽ! हातातलं टाक आणि आधी इकडं ये!"

लालासाहेब ओरडले तेव्हा वाचन कक्षात बसलेल्या दोन शास्त्रज्ञांनी माना खाली घातल्या. आष्ट्याजवळच्या त्या ऊस संशोधन केंद्रात ग्रंथपालांचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण आजचा आवाज ऐकून शिपाई बिराप्पा हातातलं टाकून धावतच आला.

रागावू नये तर काय करावं माणसानं? सहा वर्षं सरकारदरबारी चपला झिजवून लालासाहेबांनी मायक्रोफिल्मचं यंत्र मिळवलं होतं. जुन्या अहवालांचे फोटो दोन बोटं रुंदीच्या फितीवर आले होते. फीत यंत्रात घालायची, दिवा लावायचा, की पडद्यावर पान उमटतं. त्यासाठी खास अंधारखोली बांधली होती. ओल नको, धूळ नको, धूर तर मुळीच नको! आणि ते यंत्र "इथं वापरलंच जात नाही" म्हणून पुण्याला उचलून न्यायचा घाट कुणीतरी घातला होता. तपासणीला पुण्याची समिती उद्याच येणार होती.

आणि आज, चार दिवसांची रजा संपवून येऊन खोली उघडतात तो काय! यंत्रापुढं पत्रावळीवर काळी माती, मातीत पाणी घातलेला घट, बाजूला तेवणारा नंदादीप आणि यंत्राच्या दांडीवरून घटावर सोडलेल्या झेंडूच्या माळा. भिंगावर काजळीचा थर. मातीतून चार बोटं पिवळंधमक धान वर आलं होतं.

"कुणी केला हा गाढवपणा?"

बिराप्पाच्या मागून झाडूवाली हरणाबाई पुढं आली. "म्या बसिवला, सायेब. घरातला पत्रा गळतोय. गेल्या साली धान कुजलं, अन् वरीसभर सासूनं मला खाल्लं. म्हनलं, हितं अंधार हाय, ऊब हाय. देवीला बरं."

"देवीला बरं आणि माझ्या फितींना? बुरशी येईल, बुरशी! बिराप्पा, उचल हे सगळं!"

"म्या?" बिराप्पानं दोन्ही हात मागं लपवले. "देव बसल्यात, सायेब. नवरात्रात घट हलवायचा? नोकरी गेली तरी चालंल!"

"मग मीच उचलतो!" लालासाहेब तरातरा पुढं झाले.

"आवं सायेब," हरणाबाई म्हणाली, "तुमी रजा कशापायी काढलीती?"

लालासाहेबांचा हात घटावर तसाच थांबला. ते उंब्रजला घरचे घट बसवायला गेले होते! दात-ओठ खात त्यांनी हात मागं घेतला आणि त्याच रागात ते संचालक हंबीररावांकडं गेले. हंबीरराव विलायतेत शिकून आलेले. ते खोलीशी आले, बूट काढले, हात जोडले आणि म्हणाले, "घट राहू द्या. यंत्र हलवा."

"कुठं हलवू? माझ्या डोक्यावर?"

"वाचन कक्षात ठेवा. आणि ओरडू नका हो, देवीसमोर!"

चौघांनी मिळून यंत्र वाचन कक्षात आणलं. तिथं सगळीकडून ऊन. पडद्यावर काही म्हणता काही दिसेना. शेवटी बिराप्पानं घरून घोंगडी आणली आणि यंत्रावर खोपीसारखी टाकली.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष, चांगले देहानं भक्कम, त्या घोंगडीत शिरले. घोंगडीला मेंढरांचा वास होता. आतून एकामागून एक शिंका येऊ लागल्या.

"फीत उलटी दिसतेय!" घोंगडी म्हणाली.

फीत सुलटी करायला लालासाहेबही आत घुसले. आता घोंगडीतून चार पाय बाहेर दिसत होते आणि हंबीरराव घोंगडीसमोर हात जोडून उभे होते.

"यंत्रासाठी खोली मंजूर केली होती ना? ती कुठंय?" अध्यक्षांनी आतून विचारलं.

"तिथं जरा रंगकाम चाललंय," हंबीरराव म्हणाले.

"कसलं डोंबलाचं रंगकाम!" लालासाहेबांचा तोल सुटला. "घट बसवलाय तिथं! देवी अंधारखोलीत आणि आम्ही घोंगडीत! न्यायचं तर न्या यंत्र, पण खोटं ऐकून नेऊ नका!"

अध्यक्ष घामाघूम होऊन बाहेर आले आणि थेट अंधारखोलीकडं निघाले. झालं! गेलं यंत्र! लालासाहेबांनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षांची सारी हयात बियाण्यांत गेली होती. ते घटापुढं उकिडवे बसले, धान निरखू लागले आणि उठायचं नावच घेईनात.

"एकही दाणा वाया नाही!" ते पुटपुटले. "पुण्यात असं उगवत नाही हो. बाई, तापमान किती ठेवलं?"

"त्ये काय म्हाईत न्हाई," हरणाबाई म्हणाली. "दिवा इझू दिला न्हाई, बास."

दिवाळीनंतर हुकूम आला. यंत्र केंद्रातच राहणार होतं. लालासाहेबांनी बिराप्पाला चक्क मिठी मारली, मग पुढचं वाचलं आणि त्याला ढकलून दिलं. यंत्र 'आहे त्याच जागी' म्हणजे घोंगडीतच ठेवायचं होतं. अंधारखोली बियाण्यांच्या उगवण चाचणीसाठी घेतली होती, आणि रोजंदारीवरच्या हरणाबाईला तिथं कायम केलं होतं.

लालासाहेब तडक अंधारखोलीकडं गेले. दारात स्टुलावर हरणाबाई बसली होती.

"काय काम हाय, सायेब?"

"काय काम म्हणजे? माझ्या फिती आहेत आत! ही खोली कुणी बांधून घेतली? सहा वर्षं मी..."

हरणाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, सायेब. आत बी रुजतंय."