हुसेनभाईंची गळकी टाकी

आमचे शेजारी हुसेनभाई कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्या पेट्रोलच्या झाकणाला कान लावायचे. झाकण हळूच सैल करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आत कोंडलेली वाफ 'फुस्स' करून सुटली की म्हणायचे, "जिती हाय. बसा." आवाज आला नाही, म्हणजे टाकी कुठेतरी गळतेय. मग मान हलवून एकच शब्द, "मयत."

उभी हयात कुवेतला तेलाच्या पाइपांची गळती शोधण्यात गेलेली. रत्नागिरीला परतल्यावर पाइप राहिले तिकडे, म्हणून इथल्या गाड्यांवर संक्रांत आली. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाची गाडी त्यांनी मयत ठरवली आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, दाढीच्या ब्रशला साबणाचा फेस लावून, तिच्याखाली शिरले. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. मुहूर्त टळायला आला, भटजी घसा फाडून ओरडताहेत आणि खालून आवाज येतोय, "गळतीला घाई चालत नाय, मास्तर!" मास्तर म्हणजे मी. बुडबुडा मात्र निघाला, हे कबूल करायलाच हवं. साबणाची वडी घासून त्यांनी भोक बुजवलं, तेव्हा कुठे वरात हलली.

पुढे त्यांच्या बायकोच्या, अमीनाभाभींच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापूरच्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या आणि मग अचानक थांबल्या. मुलगा सलीम कुवेतला. त्याचा फोन आमच्याकडे यायचा, कारण हुसेनभाईंचा टेलिफोनच्या तारेवरही भरवसा नव्हता.

"अब्बा, अम्मीला इंजेक्शनला कधी नेताय?"

"टाकी गळतेय. गळती सापडली की निघतो."

दर फोनला हेच. भाभी खिडकीशी पडून आणि हे अंगणात स्वतःच्या गाडीखाली. माझं डोकं फिरायचं. मी टॅक्सी ठरवून आणली, तर तीही मयत!

शेवटी एका दुपारी ते नमाजाला गेलेले पाहून मी त्यांच्या गाडीचं झाकण सैल केलं. चांगलं मोठ्याने 'फुस्स' झालं. टाकी ठणठणीत होती.

ते परतल्यावर मी ताडताड बोललो. "लाज नाही वाटत? बायको मरायला टेकलीय आणि तुम्ही पोराला थापा मारताय?"

हुसेनभाई पायरीवर बसले. आधी खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"डॉक्टर म्हणाला, सुयांनी आता नुसते दिवस वाढतील. ही म्हणाली, मला घरातच ऱ्हाऊदे. सलीम तिकडे हिच्यासाठी डबल पाळ्या करतोय, मास्तर. आई थकली, नको म्हणाली, हे त्याला कसा सांगू? माझ्यावर रागावला तर चालेल. आईवर नको."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

भाभी घरातच गेल्या. सलीम पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. अंगणातली गाडी पाहताच तो बापावर तुटून पडला.

"तुमच्या या गळतीपायी अम्मी गेली! जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या शोधल्यात, घरची एक सापडली नाय?"

मला राहवेना. मी तोंड उघडलं, तोच हुसेनभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"नाय सापडली रे बाबा," ते म्हणाले. "म्हातारा झालो."