पेंडिंग घोट

चहा आवडला तर मनोहरकाका तो पूर्ण पीत नाहीत. तळाशी एक घोट ठेवतात, ग्लास बाकड्याच्या कडेला सरकवतात आणि उठतात. इडली आवडली तर चतकोर उरते, पुरी आवडली तर तिचा वरचा फुगलेला पापुद्रा. जे बेचव असतं ते मात्र शेवटच्या कणापर्यंत खातात. मागे एका लग्नात त्यांनी ताट असं लखलखीत केलं की यजमान खूष होऊन पुन्हा वाढायला धावला. काकांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"बस बापा! इथलं काम झालं माह्यं."

काका आदिलाबादला आमच्या समोरच्या घरात राहतात. एकटेच. सगळी सरकारी नोकरी कापसाच्या बाजारात, मालाचा ओलावा तपासण्यात गेली. गाडी आली की कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं. काका म्हणायचे अकरा, मग यंत्र म्हणायचं अकरा. शेतकरी यंत्राकडे बघायचेच नाहीत.

काका निवृत्त झाले, हात झाला नाही. हॉटेलात इडली आली की ते ती आधी दोन बोटांनी दाबतात आणि डोळे मिटतात. "चौदा! वाळवून आना." उपमा दाबून पाहतात. "नऊ. मंजूर." हैद्राबादच्या एका वातानुकूलित हॉटेलात त्यांनी पनीरचा असा मुआयना केला की वेटरनं घाबरून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं विचारलं, "सर, आप फूड डिपार्टमेंट से हैं?" काका म्हणाले, "नहीं, कपास से."

कापसात आठ टक्के ओलावा म्हणजे अव्वल माल, पूर्ण भाव. त्यांच्या हिशेबी सगळ्या जिल्ह्यात पूर्ण आठ ओलाव्याची एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे राजव्वाचा चहा. चहाचा ओलावा कसा मोजतात, असं मी विचारलं होतं. "वाफेचा मोजतो मी," ते म्हणाले आणि ग्लासावर तळहात धरून त्यांनी डोळे मिटले.

राजव्वाचं दुकान बाजाराच्या फाटकासमोर होतं. वर एक पत्रा, खाली दोन बाकडी, मध्ये एक खांब. कापसाच्या दिवसांत तिथली सकाळ वेगळीच असायची. धुक्यात गाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या नाकातून वाफ, राजव्वाच्या पातेल्यातून वाफ, आणि या सगळ्यातून कापसाचे तंतू सावकाश तरंगत जायचे. धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. कधी एखादा तंतू चहात उतरायचा. काका तो काढायचे नाहीत. "मालाची सही हाय ते," म्हणायचे.

आणि रोज एक घोट ठेवून जायचे.

मला याची भयंकर चीड यायची. माझे वडील पत्रकं छापायचे. मी त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकलो. काही चुकीचं दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी मथळा येतो. या शहरात किती माणसं सकाळी अर्ध्या चहावर कामाला लागतात, आणि हा पेन्शनर माणूस रोज एक घोट फेकतो! मी पत्रक लिहिलं. 'उरलेला घास कुणाचा?' मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. हॉटेलाहॉटेलांत चिकटवलं.

राजव्वा तर खूष झाली. "पेपरू बाबू," ती म्हणाली, "हा कागद इथं लाव, खांबाला. सारूच्या डोळ्यापुढं." सारू म्हणजे काका.

काकांनी पत्रक चष्मा लावून वाचलं. तिन्ही भाषांत वाचलं.

"चांगलं लिवलं, पत्रकवाले. पन खाली थोडी जागा सोडाची ना. एकदम काठापर्यंत भरलं बापा तू."

असं म्हणून त्यांनी घोट ठेवला आणि ते निघून गेले.

त्या घोटाचा उलगडा मला भैंशाला जाताना झाला. काकांच्या भाच्याचं लग्न होतं, आणि बसमध्ये सोबत हवी म्हणून त्यांनी मला नेलं होतं. खिडकीशी बसून ते रस्ता दाखवत होते. बाहेर पळस होते, ज्वारी होती, घाट होता. काकांना यातलं काही दिसत नव्हतं.

"या वळनावर मिरची भजं. अर्धं हाय माह्यं अजून. तिकडं माहूरच्या पायथ्याशी एक बाई पिठलं देते, तिच्या ताटात भाकरीचा पोपडा हाय. नागपूर टेसनावर चाय हाय. बासरच्या देवळाबाहेर चिंचेचा भात हाय, दोन घास."

"हाय म्हणजे? वर्षं झाली काका. ते सगळं उकिरड्यावर गेलं!"

"असं कसं?" ते खरोखर बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघायला लागले. "तू सरकारी हापिसात काम नाई केलं, म्हनून तुले समजत नाई. दरख्वास्त मंजूर झाली की फाईल बंद. मंग कोन विचारते तुले? पेंडिंग हाय तोपर्यंत मानसाचं नाव राह्यते. जिथं चांगलं लागलं तिथं मी फाईल बंद नाई करत. मले परत जाचं हाय ना तिथं."

मी अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं. मुद्दे तयार होते. तेवढ्यात निर्मल आलं. बस स्टँडबाहेर थांबली. काकांनी समोरच्या मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"इथं खानावळ होती. तुही काकू आन् मी एकदा जेवलो इथं. ती पहिल्यांदाच बाहेर जेवत होती. लाजू लाजू म्हने, टाकून उठलो तं ते काय म्हनतीन. तिनं ताट पुसून खाल्लं. तिच्याकडं पाहून मी बी खाल्लं. काई नाई ठेवलं." बस सुरू झाली. दुकान मागे जाईपर्यंत ते मान वळवून बघत राहिले. "लय चांगली होती वांग्याची भाजी. परत येऊ म्हने."

काकू मला आठवत नाहीत. मी जन्मायच्या आधीच त्या गेल्या. मी मुद्दे गिळले.

निर्मल मागे पडल्यावर विचारलं, "मग हे राजव्वाला सांगत का नाही? तिला वाटतं तुम्हाला तिचा चहा आवडत नाही."

काका एकदम नवऱ्या मुलासारखे लाल झाले. "हाट! असं सांगतेत का कोनाले?"

यंदाच्या थंडीत राजव्वाचे गुडघे गेले. करीमनगरहून लेक न्यायला आली. शेवटच्या दिवशी सकाळी दोन्ही बाकडी भरली होती, बाकीचे हमाल उभ्यानं पीत होते. काका नेहमीच्या जागी, मी शेजारी. नेहमीसारखा एक घोट उरला. काकांनी ग्लास कडेला सरकवला आणि उठायला गुडघ्यांवर हात टेकले.

राजव्वा समोर येऊन उभी राहिली. हातात पळी.

"सारू, आज खरं बोला. इतके वर्सं माझ्या चायमंदी काय कमी होतं?"

बाकड्यांवरच्या माना वर झाल्या.

"रोज घोट टाकून जाते तुमी. मी पत्ती बदलली. दूध बदललं. अद्रक जादा टाकून पायलं, कमी टाकून पायलं. शेजारचा मल्लय्या पितो, हमाल पितेत, सगळे पितेत. तुमीच नाई पीत. मी उद्या जाते. आज तरी सांगा."

मला राहवेना. सगळं भाषण ओठांवर आलं होतं: अव्वा, उलट आहे, याच्याइतकं कौतुक या माणसानं जगात कशाचं केलं नाही. पण काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. आयुष्यभर दुसऱ्यांचा ओलावा मोजणारा हात. घामानं चिंब होता.

त्यांनी ग्लास उचलला. आत बघितलं. घोट ठेवला तर ही बाई मनात सल घेऊन करीमनगरला जाणार. प्यायला तर फाईल बंद, आणि मग काय होतं ते मी निर्मलच्या रस्त्यावर ऐकलं होतं. धुक्यातून एक तंतू आला, ग्लासावर जरा घुटमळला आणि आत उतरला. काकांनी डोळे मिटले आणि तंतूसकट पिऊन टाकला.

मग ग्लास बाकड्यावर उपडा ठेवला.

"काईच कमी नोतं राजव्वा," ते म्हणाले. "आठ. रोज आठ."

आठ म्हणजे काय हे तिला माहीत होतं. जन्म बाजाराच्या फाटकात गेला होता तिचा. तिनं तो ग्लास उचलून सगळ्यांना दाखवला. "चूडंडी! बघा! सारूनं संपवला!" हमाल ओरडले, कुणीतरी शिट्टी मारली. पातेल्याकडे जाऊन ती बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. लेकीनं काही विचारलं, तर म्हणाली, धूर.

काका उठले. बाजार सुरू झाला होता. मीही ग्लास बाकड्याच्या कडेला ठेवला आणि त्यांच्या मागे निघालो. दोन पावलांवर ते थांबले आणि वळून बघायला लागले.

"काऊन रे पत्रकवाले? घोट उरला तुहा."

खांबावर माझं पत्रक एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होतं.

"राहू द्या काका," मी म्हणालो. "पेंडिंग आहे."

काका परत मागे गेले आणि माझा ग्लास, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, कडेपासून थोडा आत सरकवून आले.