मथूआक्काचं कडक व्रत

एका जंगलात, बाळांनो, मथूआक्का नावाची अस्वलीण राहायची. सात वारांपैकी पाच तिचे उपवास. उरलेले दोन पारण्याचे.

एकदा तिच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. जंगलाचे सर्जन होते डॉक्टर सुतारपक्षी. खोडातली अळी अचूक काढायचे, त्यामुळे गाठीचं त्यांना भय नव्हतं. पण आक्काचं पोट चोचीने ठोकून, वेलीने मोजून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आक्का, गाठ मी काढीन. पण पोटातली ही चरबी नुसती बसून राहत नाही. मोठं ऑपरेशन झालं की जखम भरायला शरीर आत शेगडी पेटवतं. ही त्यात तूप ओतते. मग सूज वाढते, ताप हटत नाही. ऑपरेशनला महिना आहे. रोज चाला, बेताने खा. थोडं उतरलं तरी पुष्कळ."

आक्का घाबरली. तिला धाकट्या लेकीचं बाळंतपण करायचं होतं, एवढ्यात जायचं नव्हतं. घरी येऊन तिने हात जोडले आणि उरलेले दोन वारही देवाला देऊन टाकले.

मग काय! साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, तुपातले बटाटे. देवाच्या नावाने खाल्लेलं अंगी लागत नाही, अशी तिची श्रद्धा. अंगी नाहीच लागलं. सगळं पोटाला लागलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा वेलीने माप घेतलं. पोट चार बोटं वाढलेलं. काय खाता, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. पंधरा दिवस धान्याला शिवले नाही."

डॉक्टरांनी झाडावर डोकं आपटलं. तो त्यांचा धंदाच असल्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

"आक्का, मला पहाटे दृष्टांत झाला. तुमच्यासाठी देवाने कडक व्रत सांगितलंय. उपवासाच्या पदार्थांना स्पर्श नाही. दोन वेळा एकेक भाकरी आणि पालेभाजी. वडाला सकाळ-संध्याकाळ एकशेआठ प्रदक्षिणा."

"आणि मध?" आक्काने हळूच विचारलं.

"मधाचं तर देवाने खास नाव घेतलं."

व्रत म्हटल्यावर आक्का मागे हटते होय? वाढलेली चार बोटं गेली, वर आणखी एक उतरलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर फांदीवरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी आक्का उठून बसली आणि पेज मागू लागली.

शेजारची सायाळ भेटायला आली, तेव्हा आक्का म्हणाली, "डॉक्टरचं काय गं, चार चोची मारून गेला. तारलं ते व्रताने."

वर बसलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला गंध लावूनच ते दवाखान्यात बसले. बाहेर पोटं सांभाळत अर्धं जंगल रांगेत उभं होतं.

तात्पर्य : डॉक्टरांचा सल्ला कुणी पाळत नाही, बाळांनो, पण व्रत मोडायला सगळे भितात. म्हणून रोग्याने चांगला डॉक्टर शोधावा आणि डॉक्टराने चांगला दृष्टांत.