गालावरचा हात

हौसराव मास्तरांची दाढ दुखत नव्हती. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी होते आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. तरीसुद्धा त्या सोमवारी सकाळी त्यांनी चहाचा कप उचलला आणि शेजारच्या पार्वतीबाई वाटीत लवंगेचं तेल घेऊन दारात हजर झाल्या.

"मास्तर, कापसाचा बोळा करा आन् दाढंत धरा. थुका गिळू नगा."

"कुणाच्या दाढेत?"

"बघा! सात वरसं सोसलं, पर बायकोला सुदिक सांगितलं न्हाई!" पार्वतीबाईंनी कनवटीचा गुलाबी कागद सोडून पुढं धरला. "परवाच्या बाजारात 'सात वरसं, सात वरसं' वरडत वाटत हुते. मला वाचता येत न्हाई, पर तोंड वळकता येतंय."

मास्तरांनी कागद घेतला. वर ठळक अक्षरांत 'हरिबांचं काळं मंजन' असं छापलेलं होतं. त्याखाली 'सात वर्षं दाढदुखीनं हैराण झालेला हा गृहस्थ पाहा', त्याच्याही खाली 'आधी', आणि त्या 'आधी'च्या खाली खुद्द हौसराव मास्तर. उजवा हात गालावर, भुवया एकमेकींना भिडलेल्या, नजर कुठंतरी लांब. चित्र मास्तरांनी स्वतःच काढलं होतं, त्यामुळे हा मी नव्हेच म्हणायचीही सोय नव्हती.

हौसराव दरेकर शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि वीस वर्षं विनोदी कथा लिहीत. कथेतली चित्रंही तेच काढत. पुण्याच्या अंकांतून त्यांची नावानिशी पानंच्या पानं छापून येत, पण शिरूरच्या लेखी ते लग्नाच्या मडक्यांवर नवरा-नवरीची नावं झोकदार काढून देणारे मास्तर होते. यंदा मात्र दौंडच्या इनुसभाईंनी आपल्या छापखान्यातून 'टिचकी' नावाचा दिवाळी अंक काढला आणि त्यात 'आमचे विनोदी लेखक' म्हणून मास्तरांना अख्खं पान दिलं. इनुसभाईंचा निरोप एवढाच होता, की फोटो पाठवू नका, आपल्या कागदावर फोटो म्हणजे नुसता काळा डाग उठतो. रेघांचं चित्र पाठवा, त्याचा जस्ताचा ब्लॉक पुण्याहून करून आणतो.

वीस वर्षं मास्तरांनी लोकांची नाकं मनाला येतील तशी लांबवली होती. स्वतःचं नाक काढायची वेळ आली तेव्हा ते सहा दिवस आरशासमोरून हलले नाहीत. हसरं चित्र त्यांना थिल्लर वाटलं. विनोदी लेखक आतून फार गंभीर असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी गालावर हात ठेवला, भुवया आवळल्या आणि खिडकीतून लांब पाहिलं.

चित्र पाहून त्यांच्या पत्नी अंजनाबाईंनी विचारलं होतं, "दुखतंय का कुठं?"

"हे चिंतन आहे."

"मंग ठीक हाय. मला वाटलं दुखतंय."

अंक निघाला. शिरुरात त्याच्या अकरा प्रती आल्या. त्यातली एक वाचनालयात गेली आणि अध्यक्ष शंकररावांनी ती चाळली, हे मास्तरांचं मोठंच नशीब. येत्या रविवारी वाचनालयाच्या वार्षिक समारंभात मास्तरांचा सत्कार आणि पाठोपाठ त्यांचं कथाकथन ठरलं. आपल्याच गावात, आपल्याच तोंडानं, आपलीच कथा! वीस वर्षांत मास्तरांना दुसरं काहीच नको होतं. कथा त्यांनी तोंडपाठ केली होती आणि लोक जिथं जिथं हसतील तिथं पेन्सिलीनं खुणाही करून ठेवल्या होत्या.

आणि आता हा गुलाबी कागद आला होता. शाळेत हेडमास्तरांनी त्यांना गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, शिपायानं अक्कलकऱ्याची काडी आणून दिली, आणि पाचवीच्या वर्गात मास्तरांनी तोंड उघडण्याआधीच सगळ्या मुलांनी अतीव सहानुभूतीनं आपापला हात गालावर ठेवला. "माझी दाढ दुखत नाही!" असं मास्तर ओरडले. ओरडताना चेहरा नेमका कागदावरच्यासारखाच झाला, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही.

मंगळवारी रजा टाकून मास्तरांनी दौंडची एस. टी. धरली. पाटसच्या थांब्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या मागच्या फळीवर चिकटवलेल्या गुलाबी कागदात आपण गालाला हात लावून बसलो आहोत, हे त्यांना खिडकीतून स्वच्छ दिसलं. त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

इनुसभाई छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. मास्तरांना पाहून ते लगबगीनं उठले.

"या मास्तर! कशी हाय आता दाढ?"

"इनुसभाई, तुम्ही तरी असं विचारू नका! ब्लॉक तुम्हीच वापरलात ना?"

"मीच की." इनुसभाईंना यात काही चुकल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी ब्लॉकांचा खण ओढून मास्तरांसमोर ठेवला. "हे बघा. गणपती दोन, कलश तीन, चांदतारा येक, बैलजोडी येक. माणसाच्या तोंडाचे ब्लॉक दोनच. येक त्यो मागच्या विलेक्शनचा पडलेला उमेदवार, आन् दुसरे तुमी. हरिबा म्हनला, दुखनाईत मानूस पायजे. उमेदवार तर हसतोय. हसनारा मानूस 'आधी' कसा लावू?"

"मग 'नंतर'ला कोण आहे?"

"उमेदवारच. कागद उलटा करून बघा की."

मास्तरांनी खिशातला कागद उलटला. मागं 'नंतर' या शब्दाखाली गांधी टोपी घातलेला, मिशीवाला, भलताच गृहस्थ बत्तिशी दाखवत होता.

"इनुसभाई, दाढ थांबली की माणसाला मिशा फुटतात का?"

"तसं कुनी इचारलं न्हाई अजून," इनुसभाई प्रामाणिकपणे म्हणाले. मग त्यांचा चेहरा जरा पडला. "मास्तर, खरं सांगू? मला ते चित्र दाढंचंच वाटलं हुतं. म्हनलं, एवढं दुखत असताना बी मानसानं आपल्या अंकाला चित्र पाठवलं!"

मास्तरांनी ब्लॉक मागून घेतला, रुमालात बांधला आणि परतीच्या गाडीत बसले. पाच हजार कागद छापून गेले होते, पण निदान सहावा हजार तरी निघणार नव्हता.

गाडीत कंडक्टर शिरूरचाच जयसिंग होता. त्यानं मास्तरांना पाहताच तोंडावर बोट ठेवलं. "बोलू नगा मास्तर. शिरूरच ना? निसती मान हलवा." तिकीट फाडून झाल्यावर तो आदबीनं शेजारी टेकला. "रविवारची काळजी करू नगा. शंकररावांनी मलाच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तुमची गोष्ट मी वाचनार. तुमी निसतं खुर्चीत बसा, शाल-नारळ घ्या. आवाज माझा खणखणीत हाय, शेवटच्या सीटपतुर जातो."

वीस वर्षं वाट पाहिलेली कथा, पेन्सिलीच्या सगळ्या खुणांसकट, 'चला न्हावरा, न्हावरा, उतरून घ्या' या सुरात आपल्या डोळ्यांदेखत वाचली जाणार, या कल्पनेनं मास्तरांच्या कपाळाला घाम आला. स्टँडवर उतरून ते घरी गेलेच नाहीत. तडक वाचनालयात शिरले. आत कमिटीची बैठक चालली होती.

"आवो, तुमी कशाला तरास घेतला?" शंकरराव म्हणाले. "गावाला बी काळजी हाय तुमची. मानसाला येवढा ठणका लागल्यावर बोलायला लावनं बरं दिसत न्हाई."

"शंकरराव, माझे दात लोखंडाचे आहेत!"

"तसं समदेच म्हनत्यात."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. टेबलावर पानाचं तबक होतं. त्यातली एक अख्खी, टणक, लिंबाएवढी सुपारी त्यांनी उचलली. "बघा," असं म्हणून त्यांनी ती उजव्या दाढेखाली धरली आणि डोळे मिटून जबडा आवळला.

कडाक्!

सुपारीची दोन शकलं झाली. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. शंकररावांनी ती शकलं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "जयसिंगला निरोप धाडा. मास्तर सोताच बोलनार." सुपारीबरोबर आणखीही बारीकसं काहीतरी फुटलं होतं, ते मास्तरांना घराच्या वाटेवर कळलं.

बुधवारी दाढ कुरकुरली, गुरुवारी ठणकली आणि शुक्रवारपासून तिनं कानापर्यंतचा मुलूख ताब्यात घेतला. आता सांगणार कुणाला? हेडमास्तरांना त्यांनी सर्वांदेखत सुनावलं होतं. पार्वतीबाईंचं तेल दोन शब्द ऐकवून परत केलं होतं. कमिटीनं तर ती फुटलेली सुपारी तबकात जपून ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होती. मास्तर चहा डाव्या बाजूनं पीत होते, भाकरी दुधात कुस्करत होते आणि कुणी विचारलं की छाती पुढं काढत होते.

"दुखतंय का?" अंजनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग चिंतन का?"

"हो. चिंतन."

अंजनाबाईंनी दुधात भाकरी आणखी बारीक कुस्करून दिली.

रविवारी वाचनालयाचं सभागृह खिडक्यांपर्यंत भरलं होतं. कवठे येमाईहून बैलगाडी करून माणसं आली होती. विनोदी कथेला एवढी गर्दी पाहून मास्तरांचा ऊर भरून आला. कागदावरचा माणूस बोलतो कसा, हे पाहायला ती आली होती, एवढं त्यांना कुणी सांगितलं नाही. शाल झाली, नारळ झाला. मास्तर उभे राहिले. "मंडळी," म्हणून त्यांनी तोंड उघडलं, हिवाळ्याचा गार वारा थेट दाढेत शिरला, आणि त्यांचा उजवा हात आपोआप गालावर गेला. भुवया एकमेकींना भिडल्या. नजर लांब, छताच्या तिसऱ्या वाशावर जाऊन थांबली.

सभागृहात कुजबुज उठली. "हेच की ते!" शंकररावांनी कपाटातून 'टिचकी'चा अंक काढला, पान उघडलं, एकदा चित्राकडं आणि एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि उभं राहून जाहीर केलं, "मंडळी, ह्यो दाढंचा फोटूच न्हाई! लेखक असाच बसतोय!"

हशा पिकला. मास्तरांनी एक वाक्य उच्चारलं, कळ आली, थांबले. लोक हसले. दुसरं वाक्य उच्चारलं, पुन्हा कळ, पुन्हा थांबले. लोक आणखी हसले. एरवी मास्तर घाईघाईनं बोलत आणि विनोद आपणच आधी हसून वाया घालवत. आज हसायची सोयच नव्हती. पेन्सिलीच्या खुणा एकीकडं आणि हशा दुसरीकडं, असा सगळा प्रकार चालला होता, पण पाऊण तासानं कथा संपली तेव्हा जयसिंग कंडक्टर डोळे पुसत होता. मास्तर मनातून अतिशय सुखी होते. फक्त ते सुख कानाच्या अलीकडं पोचत नव्हतं.

"येवढं हसवलं, पर सोता येकदा बी हसला न्हाई," शंकरराव बाहेर पडता पडता म्हणाले. "त्याला म्हनत्यात लेखक!"

पायऱ्यांपाशी मंजनाची पेटी मांडून हरिबा उभा होता. त्याच्याभोवती माणसांचं कडं पडलं होतं. मास्तरांना बघून त्याला परमानंद झाला.

"ह्ये बघा, ह्येच ते गृहस्थ! सांगा मास्तर, चार लोकांत सांगा. कदी दुखती का आता दाढ?"

शंकरराव, पार्वतीबाई, हेडमास्तर, जयसिंग, झाडून सगळे मास्तरांच्या तोंडाकडं पाहू लागले. मास्तरांनी शाल सावरली. आवळलेल्या जबड्यातूनच ते म्हणाले, "माझी दाढ कधीच दुखत नव्हती."

"ऐकलं? गुन आला!" हरिबा ओरडला आणि लोकांनी पेटीकडं हात पुढं केले.

त्या गर्दीतून वाट काढत अंजनाबाई पुढं झाल्या. "मला बी येक डबी द्या."

"कशासाठी वैनी? मास्तर तर बरे झाल्यात."

"चिंतनासाठी," अंजनाबाई म्हणाल्या.

हरिबानं डबी एका गुलाबी कागदात गुंडाळून दिली. मास्तरांनी ती हातात घेतली. वर 'आधी' होतं आणि त्याखाली तो हात, त्या भुवया, ती लांब गेलेली नजर. चित्र अगदी हुबेहूब उतरलं होतं, हे मास्तरांना पहिल्यांदाच मनापासून पटलं.