भरलेलं घर

"रिकामं घर दिसलं की भाव पडतो. गर्दी पाहिजे, गर्दी!" विनयने सोफ्यावरच्या उशा तिसऱ्यांदा फुगवल्या.

वैभवी मुकाट्याने खिडक्या पुसत होती. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या, विकायला काढलेल्या या घराचं आज ओपन हाउस होतं; कुणीही येऊन घर बघावं. नोकरी बदलल्यामुळे दोघांनी रीडिंग शहरात एक घर पक्कं केलं होतं, आणि सोमवारपर्यंत इथे गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते हातचं जाणार होतं. पण विनय निर्धास्त. त्याने ऑफिसच्या क्रिकेट टीममधल्या पाच जणांना खोटी गिऱ्हाइकं बनून यायला सांगितलं होतं. वैभवीला पत्ता नव्हता. तिला मेलीला खोटं वागता येत नाही, अशी त्याची भाबडी समजूत.

अकरा वाजता एजंट दारात नावं लिहून घ्यायला उभा राहिला आणि बघता बघता घर भरलं. हॉलमध्ये तर विनयच्या टीमचा पुष्कर आणि जांभळ्या कोटातल्या एक बाई यांच्यात चढाओढच लागली.

"मी आजच ऑफर देणार!"

"मी आत्ता देणार!"

विनय हरखून गेला. तेवढ्यात पुष्करने त्याला किचनमध्ये ओढलं. "अरे, ती बाई ऐकतच नाहीये! मी सुटू का आता?"

"सूट, सूट! पार्टी भक्कम आहे." विनयने धावत जाऊन वैभवीला गाठलं. "जांभळा कोट गळाला लागला! पुष्करने काय भाव चढवलाय म्हणून सांगू!"

"तिच्याशी भांडणारा तो तुझा माणूस?" वैभवी मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा! ती सुनेत्रा आहे, माझ्या लेझीम ग्रुपची. सहा जणी बोलावल्यात मी."

पाच आणि सहा, अकरा. खाली मोजली तर माणसंही अकराच. विनयचं तोंड एवढंसं झालं.

इतक्यात जिन्यावरून मोजायची टेप घेतलेली एक तरुणी उतरली. "एक्स्क्यूज मी, मला हा घर खूप आवडली. बॉयलर कशी आहे?"

मोडकंतोडकं का होईना, मराठी! म्हणजे वैभवीची सातवी आली वाटतं. विनयचा पारा चढला.

"बास गं बाई, नाटक संपलं! बॉयलर दर जानेवारीत बंद पडतो, घर गारठतं. मागच्या बेडरूमला ओल येते. शेजारी दर रविवारी ड्रम बडवतो. चहा घे आणि जा घरी."

तिने शांतपणे सगळं लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेली.

"तुझ्या ग्रुपमधली ती टेपवाली पोरगी बरी होती," विनय संध्याकाळी म्हणाला.

"कुठली पोरगी?"

 तोच एजंटचा फोन वाजला. तनिषा नावाच्या मुलीची ऑफर आली होती. तिने वीस घरं पाहिली होती, आणि दोष तोंडावर सांगणारा मालक तिला पहिल्यांदाच भेटला होता. भाव जरा कमी, पण घर नक्की घेणार.

विनयने कॉलर ताठ केली. "याला म्हणतात स्ट्रॅटेजी!"

वैभवी हसता हसता थांबली. "काय रे, रीडिंगचं घर बघायला गेलो, तेव्हा तिथे किती माणसं होती?"

"मरणाची गर्दी! पंधरा तरी असतील. एक म्हातारा तर 'मी आजच ऑफर देणार' म्हणून हट्टालाच पेटला होता, म्हणून तर मी तिथल्या तिथे भाव वाढवून..."

विनयने ताठ केलेली कॉलर हळूच खाली केली.