येळ्ळूरच्या भिंतीत अडकल्या श्वानाचे केशकर्तन

॥ श्री ॥ येळ्ळूर गावी, किल्ल्याचे पायथ्यासी, दिवाळी सरोन सुगी लागली असतां रविवारचे दिवशी जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत कानोकानी फिरोन एकीच्या दोन जाहल्या, म्हणोन खरे ते एकदा लिहोन ठेवावे ऐसे मनी आणिले. ज्यांनी श्वानाचे तोंड धरिले आणि ज्यांनी मागले पाय धरिले, त्या उभयतांस पुसोनच हे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही.

वर्तमान ऐसे जे, परशरामराव आणि भावकूराव हे सख्खे बंधू. थोरले परशरामराव शेतीची दौलत सांभाळीत, आणि धाकटे भावकूराव बेळगांवी उद्यमबागेत फौंड्रीची सुपरवायझरी करीत. घराची वाटणी जाहली आणि भावकूरावांनी परसांत भिंत घातली. भिंत आपले मुलखात वीतभर शिरली ऐसे थोरल्यांचे म्हणणे, आणि दोरी धरोन घातली ऐसे धाकट्यांचे. सरहद्दीचा तंटा म्हणजे काय, हे येळ्ळूरकरांस बाहेरून कोणी येऊन शिकवावे लागत नाही. मग बोलणे तुटले, एकमेकांचे दारी जाणे राहिले, आणि दुसरा पावसाळा उलटला तरी सलूख होईना.

वाटणीत भांडी वाटली, विळे-कोयते वाटले, देव्हाऱ्यातले टाकही वाटले. मात्र कुत्रा वाटला नाही, कारण त्याचे नांव काढण्यास दोघांसही धीर जाहला नाही. कुत्रा पांढरा, झिपरा, बुटका. तो थोरल्यांकडे सरदार या नांवे आणि धाकट्यांकडे ब्रूनो या किताबाने नांदत असे. भिंतीचे बुडाशी मोरीचे पाणी जाण्यास भोक ठेविले होते, त्या वाटेने तो इकडे दूध-चपाती आणि तिकडे आमटी-भाकरी ऐसी दुहेरी रसद खाऊन दोन्ही दरबारी इमान राखीत असे. खाऊ घालण्यास दोन्ही दौलती तत्पर, परंतु विंचरणे आणि कातरणे हे काम पलीकडच्यांचे, ऐसा दोहींकडे समज. मग केस वाढले, केसांच्या जटा जाहल्या, आणि रानातले कुसळ व चिखल त्यांत बसोन श्वानाचे अंगावर गादीच तयार जाहली.

ते सकाळी भावकूराव चहा घेत होते, तो परसांतून विलक्षण आक्रंदन ऐकू आले. खासा स्वारी धावली आणि पाहते तो, भोकातून श्वानाचे मुंडके आणि पुढले पाय इकडे, बाकी सारा ऐवज पलीकडे. भावकूरावांनी पाय धरोन ओढिले. श्वान तसूभर पुढे सरके आणि पुन्हा मागे जाई, मग भावकूराव अधिक नेट लावीत आणि श्वान अधिक मागे जाई, आणि रडणे तो ऐकवेना. हा काय चमत्कार म्हणोन त्यांचे कुटुंब माधवीबाई बादली पालथी घालोन तीवर चढल्या आणि भिंतीवरून डोकावल्या, तो पलीकडे परशरामराव मागले पाय धरोन ओढीत होते.

थोरल्यांचे कुटुंब जयाबाई यांनी खालूनच सांगितले, "माधवी, तुमच्या मालकास्नी थांबाया सांग गं. हिकडनं हे ओढायलेत, तिकडनं ते. कुत्रं मधनं तुटंल."

मग दोन्ही फौजांनी हात आवरिले आणि आपापले ठायी मसलत आरंभिली. भिंतीच्या दोन विटा काढाव्या, ऐसे भावकूरावांचे मनी आले. परंतु घण घालितां वीट श्वानाचे बरगडीवर बसावी ही एक धास्ती. आणि आपणच बांधिली ती भिंत आपणच फोडिली ऐसे गावभर होईल, ही दुसरी, तीही लहान नव्हे. बेळगांवी श्वानांचे केस कापणाराचे दुकान आहे, तेथे फोन केला. तेथून हुकूम आला की, कुत्रा घेऊन यावा. मग निरुपाय जाणोन भावकूरावांनी आपले दाढीचे ट्रिमर बाहेर काढिले आणि मोर्चा बांधिला. माधवीबाईंनी फोनवर चित्रफीत लाविली, तींत एक कुत्रा मेजावर उभा राहोन मुकाट केस कापून घेत होता.

"ह्यातला कुत्रा शाणा हाय," माधवीबाई म्हणाल्या.

ट्रिमर घुरघुरले आणि श्वानाने दात विचकिले. भावकूरावांचे मनगटी ओरखडा उठला, ट्रिमर जटेत रुतले, आणि एक उचकी देऊन धारातीर्थी पडले. श्वान थरथरू लागला. तेव्हां भिंतीपलीकडून शब्द आले.

"ते मशीन लांब ठेव. आवाजाला भ्यालंय ते. कानामागं खाजव."

भिंत उभी राहिल्यापासोन थोरल्यांचे मुखातून धाकट्यांकडे आलेले हे पहिले बोल. भावकूरावांनी मशीन दूर सारिले आणि कानामागे खाजविले. श्वानाने हनुवटी त्यांचे तळहाती ठेविली आणि तो धापा टाकीत राहिला.

मग माधवीबाईंनी स्वयंपाकघरातील कात्री आणोन दिली, आणि ती हाती घेतल्यावर भावकूरावांस खरा पेच उमगला. जटा भिंतीचे दोन्ही अंगांस होत्या. इकडच्या कापिल्या तर श्वान मागे सरकोन थोरल्यांकडे निघणार; तिकडच्या कापिल्या तर पुढे सरकोन इकडे येणार. ज्याने कात्री चालवावी, त्याने श्वान गमवावा. आणि एकदा तिकडे गेला आणि थोरल्यांनी रागे भोक बुजविले, तर ब्रूनो म्हणोन हाक कोणास मारावी? भावकूराव कात्री धरोन तैसेच बसले. ऊन वर चढले, श्वानाची जीभ भुईस लागली, आणि आपण हे काय करितो आहो ऐसे त्यांस वाटोन लाज आली, तरी हात चालेना.

तो पलीकडून आवाज आला. कच, कच.

भावकूरावांनी कान दिला. ती बैलांचे शेपटीचे गोंडे कातरावयाची कात्री, लहानपणापासोन ओळखीची.

"अण्णा," भावकूराव म्हणाले, "तिकडनं कापलंस तर ते हिकडं येतंय."

"ठावं हाय मला." कात्री थांबली नाही. "धाप लागलीया त्याला. जया, खोबऱ्याचं तेल आण. भावकू, तू म्होरनं धर. मी ढकलतो, तू ओढ. दमानं."

मग एकाने ढकलिले आणि एकाने ओढिले, आणि तेल लाविल्या हातातून बांगडी सुटावी तैसा श्वान भिंतीतून सुटला. पुढून पाहतां सिंह आणि मागून पाहतां सोललेले कणीस, ऐसे रूप जाहले. आपले मागचे त्याने हुंगोन पाहिले आणि तो लाजेने भुईसच बसला. माधवीबाईंस हसू आवरेना, आणि पलीकडून जयाबाई पुसू लागल्या, "कसं दिसतंय गं? सांग की."

भावकूराव हसले नाहीत. घसा खाकरोन म्हणाले, "अण्णा, हिकडची बाजू ऱ्हायलीया. माझ्यानं हुईत न्हाय. कात्री घिऊन ये."

भावकूरावांस वाटले, आपण उगाच बोललो. मग रस्त्याकडले फाटक वाजले आणि परशरामराव कात्री आणि तेलाची वाटी घेऊन, भिंतीकडे न पाहतां, सरळ परसांत दाखल जाहले. माधवीबाईंनी पाट मांडिला. धाकट्यांनी तोंड धरिले, थोरल्यांनी जटा कातरल्या, आणि पुढले पंजात बोटांमध्ये रुतलेले एक कुसळ निघाले, त्यासरसे श्वानाने थोरल्यांचा अंगठा चाटिला. मग कोमट पाणी आणि शाम्पू यांचा मारा जाहला, श्वानाने अंग झाडिले, आणि उभय बंधू नखशिखांत भिजले. मागोमाग जयाबाई जुने लुगडे घेऊन पुसावयास आल्या.

येणेप्रमाणे तिसरे प्रहरी मोहीम फत्ते जाहली. भिंत जागचे जागी आहे, तिजविषयी कोणी अवाक्षर काढिले नाही. लूट हाती आली ती: केस घमेलेभर, कुसळ मूठभर, आणि चपला घालितेवेळी परशरामरावांनी उच्चारलेले बोल, ते जैसे ऐकिले तैसे दाखल केले असेत: "नखं ऱ्हायली त्याची. आज दमलंय. उद्या येतो."